सतरा मिनिटं

ग्लेनिस टॉइन पाच त्रेचाळीसला कार्ड पंच करायची.
ग्रिम्सबीच्या गोदीवर तेव्हा अंधार असायचा,
सीगल मात्र जागे, आपसांत भांडत.
मग पांढरे गमबूट, रबरी एप्रन, केसांवर जाळी,
हातमोज्यांचे दोन जोड, आत कापडी वर निळे,
सुरीला धार,
आणि सहाच्या भोंग्याला पहिला कॉड फळीवर.

मी वरच्या मजल्यावर, काचेमागे,
हीटर पायाशी घेऊन
पाच त्रेचाळीसचे सहा करायचो.
दुपारी दोन अकराचे दोन.
(सुऱ्या धुणं, फळी घासणं, नालीतले खवले काढणं
हे काम नव्हे, असं मला सांगितलं होतं.
कुणी सांगितलं ते आता आठवत नाही.
म्हणजे, आठवतं.)

तिनं विचारलं एकदाच.
फेब्रुवारीत, पगाराची स्लिप हातात धरून,
"डेस्मंड, माझी मिनिटं जातात कुठं?"
मी म्हणालो, सिस्टीम आहे.
पाण्यात राहून माशाशी वैर कशाला,
असंही म्हणालो बहुतेक, हसत.
ती हसली नाही.
माशाशी तिचं वैर नव्हतंच कधी.
एकोणीस वर्षं ती काटा असा सोडवायची
की मांसाला कळू नये.

नऊ दिवसांनी तिच्या पिशवीत
कॉडची दोन डोकी सापडली.
कचऱ्याच्या पिंपातली, मांजरासाठी.
सगळेच नेतात. फोरमन तर
खेकड्यांच्या सापळ्यासाठी पोतंभर नेतो.
पत्र मीच टाइप केलं:
चोरी, गंभीर गैरवर्तन, तात्काळ प्रभावाने.
नोटीस नाही, नोटिशीचा पगार नाही,
उरलेल्या सुट्ट्यांचे पैसेही नाहीत.
एक अक्षर चुकलं नाही माझं.

हलला, ट्रिब्युनलच्या खोलीत
मला कंपनीनं साक्षीला नेलं होतं.
खोली कोर्टासारखी नव्हती,
शाळेतल्या स्टाफरूमसारखी, बिस्किटांच्या वासाची.
न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसता पुसता विचारलं,
"ही वेळ मशीनच बदलतं का?"

इतका साधा प्रश्न.
रेडिएटर टकटक करत होता.
मालक पाण्याच्या ग्लासात बघत होते,
जणू तळाशी काही पडलंय.
मी म्हणालो, "नाही. मशीन खरी वेळ छापतं.
बदलतो मी."

मग गणित झालं.
सकाळची सतरा, दुपारची अकरा,
वर्षाचे एकशे दहा तास.
एकोणीस वर्षांची बेरीज केली तर
कामाचं एक अख्खं वर्ष भरतं.
सोमवार ते शुक्रवार, बाराही महिने,
एक पूर्ण वर्ष ती त्या बर्फगार पाण्यात उभी होती
आणि कुणाच्याच वहीत नव्हती.
पण कायदा मागे वळून दोनच वर्षं बघतो,
त्याचीही मान दुखत असावी.
बाकीची सतरा राहिली तिथंच,
नालीत, खवल्यांबरोबर.

बडतर्फी अन्यायाची ठरली.
दोन डोक्यांची किंमत काय,
हे कंपनीच्या वकिलाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.
आकडा वाचला गेला तेव्हा ग्लेनिसनं
तो बसच्या तिकिटामागे लिहून घेतला,
पेन्सपर्यंत.

मला सोमवारी वर बोलावलंय.
माझं पत्र कोण टाइप करणार, ठाऊक नाही.

बाहेर पायऱ्यांवर हंबरचा वारा.
तिची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत,
पर्सची चेन तिनं दातांनी ओढली.
"किती वाजले?"
मी घड्याळ बघितलं, नीट बघितलं.
"चार त्रेचाळीस."
"म्हणजे चार चाळीसची गेली."
गाडीनं सोडतो म्हणालो.
नको म्हणाली,
आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली
पुढची येईपर्यंत.